तिसरा गुरुवार

१० जानेवारी १९५५, सोमवार. मुलुंड

भाऊंना सोडून भाऊच्या धक्क्यावर उतरले! बोटीत रात्रभर हाच विनोद मनात घोळत होता. सांगायला कोणी नव्हतं म्हणून इथे लिहून टाकते. भाऊ म्हणजे माझे वडील. चिपळुणात शाळामास्तर आहेत. मुलगी नर्स होणार म्हटल्यावर आमच्या अर्ध्या आळीने घरी येणं सोडलं होतं. भाऊंनी कोणाचं ऐकलं नाही. निघताना ही वही हातात दिली, रोज चार ओळी लिहीत जा म्हणाले, म्हणजे अक्षर बिघडत नाही.

खोली छान आहे. रुक्मिणीकाकूंचं बैठं कौलारू घर, त्यातली मागची खोली माझी. स्वतंत्र दार, दाराशी दगडी ओटा, मागे फणसाचं झाड. काकूंनी आल्याआल्या गरम पाणी दिलं आणि लग्न का नाही केलंस ते विचारलं. दोन्ही गोष्टी एकाच दमात. मला हसू आलं.

केंद्र पायी दहा मिनिटांवर आहे. एका धर्मादाय ट्रस्टचं बालसंगोपन केंद्र, दोन खोल्या, एक पत्र्याचं कपाट. मुख्य बाई अनुपमाबाई, पन्नाशीच्या, पांढरं पातळ, बोलणं मोजकं. काम त्यांनी समजावून सांगितलं. भागात जन्मलेल्या प्रत्येक मुलाचं एक पिवळं जाड कार्ड असतं. त्यावर वर पहिल्या भेटीच्या वजनाची एक ओळ आणि खाली पुढच्या बारा महिन्यांचे बारा चौकोन. दर महिन्याला ठरलेल्या वारी घरी जायचं, बाळाचं वजन करायचं आणि ते नवीन काय करू लागलं ते लिहायचं: हसतो, मान धरतो, पालथा पडतो, बसतो, रांगतो. वर्ष भरलं की कार्ड पूर्ण. मला त्रेचाळीस कार्डं मिळाली आहेत. त्रेचाळीस बाळं! रस्त्याने येताना उगाचच ऐटीत चालत होते.

२० जानेवारी, गुरुवार

आज मिठागरात जाऊन आले. रुळांच्या पूर्वेला वस्ती संपते आणि खाजण, खाडीची दलदल, सुरू होतं. तिवरांच्या मधून एक मातीचा बांध जातो, दोन माणसं शेजारून चालू शकणार नाहीत एवढाच. दोन्ही बाजूंना पाणी भरलेले चौकोनी वाफे, त्यांत मीठ धरायला लागलेलं. उन्हात सगळं इतकं चमकतं की डोळे मिटावेसे वाटतात. बांधाच्या टोकाला, अर्ध्या तासाच्या चालीवर, एकच कुडाची झोपडी. तिथे मिठागराचा राखणदार दशरथ परब राहतो, मालवणकडचा. त्याची बायको वनमाला माझ्याहूनही लहान असेल. बाळ बारा दिवसांचं. जुन्या लुगड्याच्या झोळीत निजलेलं.

मी सामान बाहेर काढलं. हुकाचा स्प्रिंगकाटा झोपडीच्या आढ्याला टांगला, कापडाच्या झोळीत बाळाला ठेवून हुकाला लावलं. सहा पौंड चार औंस. वनमाला काट्याकडे बघतच राहिली. मग लाजत म्हणाली की आज बारावा दिवस, नाव ठेवायचं होतं, पण इथे जवळ बाईमाणूस कोणी नाही. सासू नाही, नणंद नाही. तुमी ठेवशात? मी कधी कोणाच्या कानात नाव सांगितलेलं नाही, पण सांगितलं. नंदकिशोर. दशरथ दारात उभा राहून हसत होता. तिने गुळाचा खडा हातावर ठेवला. परत येताना वाट कधी सरली कळलं नाही.

१७ फेब्रुवारी, गुरुवार

नंदू आठ पौंडांचा झाला! त्रेचाळिसात इतकं चांगलं वाढलेलं दुसरं बाळ नाही. वनमालाने मला बसवून घेतलं आणि तो काय काय कधी करील ते विचारलं. मी सांगत गेले. पुढच्या महिन्यात हसेल. मग मान धरेल. मग कुशीवर, मग पालथा. सहाव्या-सातव्या महिन्यात बसेल, दात येतील. मग रांगेल, उभा राहील, वर्षाचा झाला की चालेल. ती प्रत्येक गोष्ट एका बोटावर मोजत होती. पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. शेवटी म्हणाली, "बाई, तुमी दर वेळेक येतास मां? माका एकटीक कायच कळणा नाय." मी म्हटलं, सतरा मार्चला नक्की.

परतताना मात्र फजिती झाली. भरतीची वेळ मी विचारलीच नव्हती. बांध एका जागी ढासळला होता तिथे पाय गेला आणि मी कमरेपर्यंत चिखलात. जितकं हलावं तितकी आत जात होते. मिठावरचे गडी धावले, काखेत हात घालून ओढून काढलं. पाय सुटला तेव्हा मोठा आवाज झाला आणि सगळे हसले. वाईट मनाने नव्हे. पण तशीच, अंगाला चिकटलेल्या पातळाने, भर बाजारातून घरी आले. पानवाल्याने कोणाला तरी बोलावून दाखवलं. काकूंनी नाकाला पदर लावला. रात्री जेवले नाही.

१७ मार्च, गुरुवार

आज मिठागरात गेले नाही. लिहिते आहे तर खरं लिहिते.

संध्याकाळी काकूंच्या पुतणीचं डोहाळजेवण होतं. भाऊंनी पाठवलेली नवी व्हायलची साडी मी सकाळीच नेसले होते, कारण केंद्रातून परस्पर जायचं होतं. रुळांपर्यंत गेले. पलीकडे बांध दिसत होता. पाणी नव्हतं, वाट कोरडी होती. साडीकडे पाहिलं. त्या हसणाऱ्या गड्यांची आठवण झाली. आणि वळले.

केंद्रात कोणी नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजला होता. नंदूचं कार्ड काढलं. चांगलं बाळ आहे, दोन महिन्यांचं झालं की हसतंच. लिहिलं: वजन ९ पौंड ८ औंस. हसतो.

डोहाळजेवणात मला गाणं म्हणायला लावलं. म्हटलं.

२१ एप्रिल, गुरुवार

जाणारच होते. पण आता गेले तर वनमाला विचारील, गेल्या महिन्यात का आला नाहीत. तिला काय सांगू? साडी होती म्हणून? पुढच्या महिन्यात गेलं की मग विषय जुना होईल.

११ पौंड. मान धरतो.

१९ मे, गुरुवार

१२ पौंड. कुशीवर वळतो. आवाजाकडे बघतो.

अनुपमाबाईंनी माझी कार्डं सगळ्यांना दाखवली. म्हणाल्या, एकही चौकोन रिकामा नाही आणि अक्षर मोत्यासारखं. सगळ्यांत वर नंदूचं कार्ड होतं. माझे कान तापले. बाकीची बेचाळीस घरं मी पायी फिरते, उन्हात, एकही चुकवत नाही. हे एकच. ते मी कोणाला सांगते आहे? भाऊंना पत्रात अनुपमाबाईंचं कौतुक कळवलं.

१६ जून, गुरुवार

बांध पाण्याखाली गेला. आता मला जाताच येणार नाही. हे लिहिताना किती हलकं वाटलं, त्याचीच लाज वाटली.

१३ पौंड. पालथा पडतो.

२१ जुलै, गुरुवार

आज दशरथ केंद्रात आला.

मी नुकतंच लिहून पेन मिटलं होतं: १४ पौंड, आधाराने बसतो. तो बाकावर टेकला. अंगावरून पाणी गळत होतं. मीच आधी बोलले. घाईघाईने, हसत. म्हटलं, नंदू आता खूप मोठा झाला असेल नाही?

त्याने माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "बाई, पोर गेलो."

मार्चमध्ये. ताप होता तीन दिवस. छातीत घरघर. गुरुवारी सकाळी तो म्हणाला, स्टेशनाजवळच्या डॉक्टरकडे नेऊ. वनमालाने नेऊ दिलं नाही. आज गुरुवार, आज बाई येणार, बाईंना सगळं कळतं. तिने केस विंचरले, झोपडी सारवली, बाळाला मांडीवर घेऊन दारात बसली. "बाई येतली, बाई येतली म्हणान बसान रवली," तो म्हणाला. एकच्या सुमाराला श्वास थांबला. त्याने बांधाच्या कडेला पुरलं.

  तो मला दोष द्यायला आला नव्हता, हे सगळ्यांत वाईट. त्याला वाटलं मला काही अडचण आली असेल. तो मदत मागायला आला होता. वनमाला मानत नाही. म्हणते, श्वास थांबला तेव्हाच पोर हसलं, पहिल्यांदा. मग चैत्रात मान धरली. मग कुशीवर. मग पालथा. दूध आटलेलं नाही, चोळी भिजते. दर महिन्याला एका गुरुवारी, दुपारी एक वाजता, ती टाळ्या वाजवते. तुम्ही येऊन तिला सांगा, तुमचं ऐकेल.

तो गेल्यावर कार्ड पुन्हा काढलं. मेलेल्या मुलाच्या पाच नोंदी. पाचही माझ्या अक्षरात.

तिला मीच सगळं क्रमाने सांगितलं होतं. बोटांवर मोजून पाठ केलं होतं तिने. त्यावरूनच ती बोलत असेल. पण वार? वेळ? मी कार्ड दर वेळी एकच्या सुमारालाच भरलं होतं.

१८ ऑगस्ट, गुरुवार

सकाळीच कार्ड भरून टाकलं. हाताची सवय. १५ पौंड ४ औंस. दोन दात. मग दशरथबरोबर गेले. त्याने पुढे काठी टेकत टेकत नेलं.

तिला सांगायचं म्हणूनच गेले होते. शब्द ठरवले होते.

वनमाला गुबगुबीत दिसते. झोपडी स्वच्छ. माझ्यावर रागावलेली नाही, उलट म्हणाली, तुमी इल्याबिगर तो कायच नवीन शिकणा नाय, दर महिन्याक तुमीच शिकवतास. मी म्हटलं, मी आले नव्हते. ती हसली. झोळीपाशी वाकली आणि दोन हातांनी काही तरी उचललं. हातांत काही नव्हतं. पण तिची कंबर एका बाजूला झुकली, जशी मूल घेतल्यावर बाईची झुकते. दंडाच्या शिरा ताठल्या. म्हणाली, वजन करा.

मी काटा टांगला. काटा रिकामा राहील, मग तिला दाखवीन, मग सांगीन. असंच मनात होतं. झोळीचं कापड हुकाला लावलं. ती वाकली आणि अलगद ठेवल्यासारखं करून हात काढून घेतले.

कापड ताणलं. तळाशी गोल झालं. स्प्रिंग कुरकुरली आणि काटा खाली आला.

पंधरा पौंड चार औंस.

दशरथ दारातून बघत होता. दुपारचे बारा वाजले असतील, पाऊस थांबला होता, लख्ख उजेड होता. वनमालाने करंगळी दाखवली. दोन बारीक खुणा, ताज्या. मी काटा तिथेच टाकून निघाले. जे सांगायचं होतं ते सांगितलं नाही.

१५ सप्टेंबर, गुरुवार

चौकोन रिकामा सोडला. प्रथमच.

भाऊंचं पत्र आलं. माझं पत्र त्यांनी शाळेत वाचून दाखवलं.

२२ सप्टेंबर, गुरुवार

दशरथ आला. पोर दूध घेत नाही. हलकं होत चाललंय. वनमाला पुन्हा दारात बसली आहे, केस विंचरून.

मी म्हटलं, दशरथ, तुम्हीच म्हणाला होता ना की पोर गेलं. त्याने मान खाली घातली. म्हणाला, परवा तो माझ्या खांद्यावर निजला होता. इथे. त्याने सदऱ्यावरचा खांदा दाखवला. मग बारीक आवाजात म्हणाला, "बाई, आता थांबू नकात."

त्याला कार्डाचं माहीत नाही. मी काय करते ते त्याला माहीत नाही. तरी म्हणाला.

तो जाईपर्यंत दम धरला. मग लिहिलं. १६ पौंड. आधाराशिवाय बसतो. घड्याळाकडे न बघता लिहिलं.

एकदा मारलं. दुसऱ्यांदा नाही मारता आलं. याला दया म्हणावं असं वाटलं होतं. दया नव्हे ती. कार्ड रिकामं राहिलं असतं तर अनुपमाबाईंनी विचारलं असतं.

२० ऑक्टोबर, गुरुवार

१७ पौंड. रांगतो.

दुपारी रुळांपलीकडे गेले, झोपडीपर्यंत नाही. हंगामासाठी गडी वाफे तुडवून सपाट करत होते. ओली गुळगुळीत माती, आरशासारखी. एका वाफ्यात कोणी पाय घालत नव्हतं. वळसा घालून जात होते. मी वाकून बघितलं.

तळहात. लहान, पाच बोटं पसरलेली. मागे गुडघ्यांचे चर. झोपडीकडून आलेले, बांधाच्या कडेकडेने, रुळांकडे. जिथे भरतीचं पाणी लागलं होतं तिथे संपलेले.

एका गड्याने मला ओळखलं. चिखलात पडलेली बाई. आज तो हसला नाही.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

आज सांगायचंच ठरवून गेले. अनुपमाबाईंच्या टेबलासमोर उभी राहिले. बाई, एक कार्ड खोटं आहे, एवढंच वाक्य. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाल्या, बरं झालं आलीस. जानेवारीत पुण्याहून तपासणीला मोठ्या बाई येणार आहेत, आपण परबांच्या मुलाचं कार्ड नमुना म्हणून दाखवू. मिठागरातलं मूल, एवढ्या लांबचं, आणि किती छान वाढलंय. मग, कधी नव्हे त्या, हसल्या. कुंदा, तुझ्यामुळे केंद्राला नाव मिळेल.

मी म्हटलं, हो बाई.

हो बाई!

१७ नोव्हेंबर, गुरुवार

१८ पौंड. धरून उभा राहतो.

१५ डिसेंबर, गुरुवार

१८ पौंड ८ औंस. एक शब्द बोलतो. कोणता ते लिहिलं नाही. त्यासाठी जागा नसते.

पुढचा चौकोन शेवटचा. त्यात 'चालतो' लिहायचं असतं. ते मी लिहिणार नाही. वाटेवर किती लांबपर्यंत आला होता ते मी बघितलंय.

३० डिसेंबर, शुक्रवार

दशरथ बाजारात भेटला. आनंदात होता. पोर दाराची चौकट धरून उभं असतं, बाहेर बघत. शब्दही बोलतं. कोणता, मी विचारलं नाही. त्यानेच सांगितलं.

'बाई.'

१९ जानेवारी १९५६, गुरुवार

तपासणी.

पुण्याच्या मोठ्या बाई खुर्चीत बसल्या. अनुपमाबाईंनी कार्ड पुढे ठेवलं. अकरा चौकोन. बारावा रिकामा. त्यांनी बोट ठेवलं, हे का नाही? मी म्हटलं, अजून — अजून चालत नाही. अनुपमाबाईंचा चेहरा उतरला. मोठ्या बाई म्हणाल्या, वर्षाचा झाला, एवढं वजन, धरून उभा राहतो आणि चालत नाही? तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत त्याला?

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. दोघी बायका आणि केंद्राचा शिपाई. त्या बाजारातल्यासारखं. कमरेपर्यंत चिखल असल्यासारखं.

म्हटलं, चुकून राहिलं. पेन घेतलं.

१९ पौंड. चालतो. आधाराशिवाय.

घड्याळ वाजलं. एक.

२० जानेवारी, शुक्रवार

वनमाला केंद्राच्या फाटकात. पायांवर वाळलेला पांढरा चिखल. वर्षभरात पहिल्यांदा रूळ ओलांडून आली.

काल दुपारी तो चालायला लागला. चार पावलं. ती टाळ्या वाजवत होती. मग दाराबाहेर. मग बांधावर. हाका मारल्या, मागे बघितलं नाही.

ती घाबरलेली नव्हती. म्हणाली, "तो तुमच्याकडेच इलो असतलो. तुमीच सगळा शिकवलास तेका." आणि माझ्या मागे, खोलीत, डोकावून बघितलं.

मी म्हटलं, इथे नाही. ते खरं होतं. तेव्हा खरं होतं.

२१ जानेवारी, शनिवार

काकू विचारतात ओट्यावर मीठ कोणी सांडलं. मीठ नाही. ओलं पाऊल वाळलं की राहतं ते. बोटांच्या बाजूने खोल. टाचा टेकत नाहीत अजून.

दाराकडे येणारी. परत जाणारी नाहीत.

कार्ड कपाटातून काढून घरी आणलं. कोणी बघितलं नाही.

२२ जानेवारी, रविवार. सकाळ

पदर ओढला गेला. खाली बघितलं. काही नाही. पदर ताठ. कोणीतरी धरून उभं राहतंय —

वनमाला बाहेर ओट्यावर येऊन बसली आहे. हाक मारते आहे, नंदू, ये माज्या राजा, ये. तो जात नाही. मी दार उघडून दिलं. जात नाही.

दुपार

मांडीवर आहे. एकोणीस पौंड. पाय बधिर झाले.

मी तिला आत बोलावलं. सांगितलं. सगळं. साडी, डोहाळजेवण, रूळ, कार्ड. दहा महिने जे दडवून ठेवलं होतं ते सगळं. ती ऐकत होती. मारील असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, वाट कोरडी होती?

म्हटलं, हो.

पुन्हा विचारलं. कोरडी होती?

मग ती बाहेर जाऊन बसली. आता हाक मारत नाही. माझ्याकडे पाठ करून बसली आहे.

कार्ड पुढ्यात आहे. मागच्या बाजूला एक ओळ असते, मूल गेलं तर भरायची. ती भरली की हे संपेल. त्याचं संपेल. आधी इथे लिहून बघते.

त्याला कळलंय. बोट धरलंय माझं. पूर्ण मुठीत. थंड. पकड चांगली आहे, वयाच्या मानाने —

नाव : नंदकिशोर दशरथ परब.

मृत्यूची तारीख : १७ मार्च १९५५, गुरुवार. दुपारी एक.

कारण : ताप. नाही. ताप नव्हे. त्या दिवशी मी रुळांपर्यंत गेले होते आणि वाट कोरडी

तो बोलला. कानाशी. तोंड लावून —

कारण : मी